जिओकॅशिंग: डबा शोधण्यापासून डबा ठेवण्यापर्यंत

३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर या संगणक-सल्लागाराने अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात, बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत, एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. तिच्यात पुस्तके, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि घेवड्याचा एक डबाबंद कॅन अशा वस्तू होत्या. बादलीचे अक्षांश-रेखांश त्याने इंटरनेटवर जाहीर केले आणि जो शोधेल त्याने काही घ्यावे, काही ठेवावे, एवढाच नियम घातला. त्याच्या दीड-दोन दिवस आधीच अमेरिकी सरकारने नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम मिसळली जाणारी त्रुटी बंद केली होती. त्यामुळे साध्या उपकरणाची चूक सुमारे १०० मीटरवरून १०-२० मीटरवर आली होती, आणि केवळ आकड्यांच्या आधारे एखादी लहानशी वस्तू गाठता येते का, हे पाहण्याची सोय सामान्य माणसाला पहिल्यांदाच मिळाली होती. तीन दिवसांत दोघांनी ती बादली शोधून काढली. २ सप्टेंबर २००० रोजी जेरेमी आयरिश यांनी या लपवाशोधीच्या खेळाचे संकेतस्थळ, जिओकॅशिंग डॉट कॉम, सुरू केले, तेव्हा जगभरात नोंदलेले लपवलेले डबे होते ७५. आज ती संख्या ३० लाखांच्या पुढे आहे.

गंमत अशी की ही पहिली बादली आजच्या नियमांत बसली नसती. ती जमीन खणून ठेवलेली होती आणि तिच्यात खाण्याची वस्तू होती. या दोन्ही गोष्टींना आता सर्वसाधारणपणे मनाई आहे. खेळ वाढत गेला, चुका होत गेल्या आणि त्यांतून एकेक नियम तयार झाला, त्यामुळे जवळपास प्रत्येक नियमामागे काही ना काही घडलेले असते. हा लेख नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी आहे, परंतु तो शोधणाऱ्यापेक्षा ठेवणाऱ्याकडे अधिक झुकलेला आहे. शोधणाऱ्याचे काम तासाभरात संपते, ठेवणाऱ्याचे मात्र तिथून पुढे काही वर्षे चालू राहते, आणि खेळाची प्रतिष्ठा बहुतांशी त्याच्याच वागण्यावर अवलंबून असते.

खेळाची मांडणी

एखाद्या सार्वजनिक जागी कोणीतरी झाकणाचा डबा लपवतो, त्यात नोंदवही ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर प्रसिद्ध करतो. इतर लोक ते पाहून तिथे जातात, डबा शोधतात, वहीत नाव व तारीख लिहितात, डबा होता तसाच ठेवतात आणि घरी येऊन संकेतस्थळावर नोंद करतात. या डब्याला जिओकॅश म्हणतात. लेखात पुढे मी त्याला सरळ डबाच म्हणणार आहे.

सगळ्यांत सोपा प्रकार ‘ट्रॅडिशनल’ हा होय: दिलेल्या जागीच डबा असतो. ‘मल्टी’ प्रकारात एका टप्प्यावर पुढच्या टप्प्याची माहिती मिळते. ‘मिस्टरी’ प्रकारात आधी कोडे सोडवावे लागते, आणि नकाशावर दिसणाऱ्या खुणेपाशी काहीही नसते. ‘अर्थकॅश’मध्ये डबाच नसतो, एखाद्या भूशास्त्रीय रचनेपाशी जाऊन, निरीक्षण करून, प्रश्नांची उत्तरे ठेवणाऱ्याला कळवायची असतात. हा प्रकार अमेरिकेच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या पुढाकाराने २००४ पासून चालू आहे आणि जिथे वस्तू ठेवण्यास बंदी असते अशा संरक्षित क्षेत्रांत तो फार उपयोगी पडतो. लोकांनी एकत्र भेटण्याचा ‘इव्हेंट’ हाही नोंद करता येण्याजोगा प्रकारच आहे. नवख्याने पहिले काही दिवस ट्रॅडिशनलच्या पलीकडे जाऊ नये.

प्रत्येक डब्याच्या पानावर दोन श्रेणी दिलेल्या असतात: शोध किती कठीण आणि वाट किती कठीण. दोन्ही १ ते ५ अशा, अर्ध्या-अर्ध्याने वाढणाऱ्या. वाटेची श्रेणी १ म्हणजे चाकाच्या खुर्चीवरूनही डब्यापर्यंत पोहोचता येते. ५ म्हणजे दोर, होडी किंवा पाणबुड्याचा पोशाख असे विशेष साहित्य लागते. आकारही नमूद असतो. १०० मिलिलिटरपेक्षा लहान तो ‘मायक्रो’, त्यापुढे एक लिटरपर्यंत ‘स्मॉल’, २० लिटरपर्यंत ‘रेग्युलर’ आणि त्याहून मोठा ‘लार्ज’. बोटाच्या पेराएवढ्या चुंबकी डबीला ‘नॅनो’ म्हणतात.

पहिल्या शोधाची तयारी

मोबाइल पुरेसा आहे. जिओकॅशिंगचे अधिकृत ॲप मोफत वापरता येते, मात्र मोफत सदस्यत्वात सगळे डबे दिसत नाहीत. अँड्रॉइडवर स्वयंसेवकांनी तयार केलेले ‘सी:जिओ’ हे मुक्त ॲपही लोकप्रिय आहे, आणि काही देशांत ‘ओपनकॅशिंग’ या नावाची स्वतंत्र, विनामूल्य जाळी आहेत. वेगळे जीपीएस उपकरण घेण्याची घाई करू नये. ते रानात, पावसात आणि बॅटरी पुरवण्याच्या दृष्टीने मोबाइलपेक्षा सरस ठरते, पण ती गरज आहे की नाही हे काही महिन्यांनी आपोआप कळते.

डबा निवडताना शोध व वाट दोन्ही श्रेणी दोनच्या आत, आकार स्मॉल किंवा त्याहून मोठा, आणि अलीकडच्या काही आठवड्यांत कोणाला तरी सापडलेला, एवढे पाहावे. यांतली शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. मागचे चार जण रिकाम्या हाताने परतले असतील तर डबा बहुधा जागेवर नाही, आणि नसलेली वस्तू शोधण्यात नवख्याने पहिली दुपार घालवू नये.

डब्याचे वर्णन निघण्यापूर्वी पूर्ण वाचावे. वाहन कुठे लावावे, जागा किती वाजता बंद होते, कोणत्या बाजूने जाऊ नये हे त्यात असते, आणि बरेच लोक ते वाचायचे सोडून सरळ ॲपमधल्या बाणाच्या मागे धावतात. बाण सरळ रेषेत दिशा दाखवतो. मध्ये ओढा, कुंपण किंवा कडा आहे हे त्याला ठाऊक नसते. डब्याच्या पानावर सूचक इशाराही असतो, तो प्रत्येक इंग्रजी अक्षर वर्णमालेत तेरा जागा सरकवून लिहिलेला असतो, म्हणजे नकळत वाचला जात नाही. ॲपमध्ये एका स्पर्शाने तो उलगडतो. तो वाचण्यात कमीपणा नाही.

सोबत पेन्सिल असावी. पेनची शाई ओलसर कागदावर उठत नाही किंवा फुटते, आणि मायक्रो डब्यात लेखणी ठेवायला जागाच नसते. त्याशिवाय पाणी, बॅटरी पॅक, अरुंद डबीतून कागदाची गुंडाळी काढण्यासाठी चिमटा, फटीत डोकावायला छोटी विजेरी आणि जाड हातमोजे, एवढे पुरे. दगडांच्या बेचक्यात उघडा हात घालू नये, हे वेगळे सांगायला नको.

बाण भिरभिरू लागतो तेव्हा

शेवटचे दहा मीटर हाच खरा खेळ आहे. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलची चूक साधारण ५ मीटर धरावी. दाट झाडीत किंवा उंच इमारतींमध्ये संकेत आपटून येतात आणि ती दुप्पट-तिप्पट होते. शिवाय ज्याने डबा ठेवला त्याच्या उपकरणाचीही चूक होतीच. या दोन्ही चुका एकमेकींच्या विरुद्ध दिशेला असल्या तर डबा बाणाच्या टोकापासून दहा-बारा मीटरवर असू शकतो. तेव्हा अंतर पाच-सहा मीटर दाखवू लागले आणि बाण इकडून तिकडे भिरभिरू लागला की मोबाइल खिशात टाकावा. नवखा हमखास ओळखू येतो तो याच वेळी: मान खाली घालून, पडद्याकडे पाहत, तो एकाच जागेभोवती गोल फिरत असतो.

त्याऐवजी स्थिर उभे राहून स्वतःला विचारावे, मला इथे डबा लपवायचा असता तर कुठे लपवला असता? डबा वाऱ्याने उडू नये, पावसात वाहू नये आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसू नये, या तीन गरजा बहुतेक जागा आपोआप बाद करतात. मग जे निसर्गतः तसे नसते ते शोधावे. सरळ रेषेत रचलेल्या काटक्या, एकाच झाडाच्या बुंध्याशी जमा झालेले दगड, आजूबाजूला ओली पाने असताना मध्येच पडलेला कोरड्या सालीचा तुकडा, बाकाच्या खालच्या बाजूला इतर खिळ्यांहून थोडा जाड दिसणारा एक खिळा. सरावाने हे चटकन दिसू लागते. नजरेने शोध पूर्ण झाल्यावरच हात लावावा, आणि तोही उलथापालथ न करता. रोपे उपटून, भिंतीचे दगड काढून किंवा फलकांचे स्क्रू उघडून सापडेल असा डबा नियमात बसत नाही, म्हणून तसा शोध घेण्याचे कारणच उरत नाही. विजेच्या पेट्यांपासून तर दूरच राहावे.

खेळ माहीत नसलेल्या लोकांना जिओकॅशर ‘मगल’ म्हणतात. त्यांच्यासमोर डबा काढला की पुढे तो कुतूहलाने उचलला जातो किंवा कचऱ्यात जातो, म्हणून वर्दळ असेल तर थांबावे, बाकावर बसावे, फोनवर बोलत असल्याचे दाखवावे. परंतु फार चोरटेपणाही अंगाशी येतो. २०११ मध्ये इंग्लंडमधील वेदर्बी येथे एका कॅफेजवळ कोणी संशयास्पद वागताना दिसला म्हणून पोलिसांना कळवले गेले, आणि बॉम्बनाशक पथकाने जी डबी स्फोटाने नष्ट केली ती जिओकॅश निघाली. कोणी विचारलेच तर खरे ते सांगावे. पोलीस किंवा सुरक्षारक्षक असेल तर ॲपमधले पान दाखवावे. मुलांच्या खेळाच्या जागी एकट्या प्रौढाने झुडपांत रेंगाळणे कसे दिसते, याचाही विचार करावा आणि वाटल्यास तो डबा सोडून द्यावा.

माघार घेणे हा या खेळाचा भाग आहे. २०१८ मध्ये प्राग येथे भूमिगत ओढ्याच्या बोगद्यात डबा शोधायला उतरलेल्या गटाला वादळी पावसाने अचानक वाढलेल्या पाण्याने गाठले आणि त्यात जीव गेले. वाटेची श्रेणी त्या दिवशीच्या हवामानाची हमी देत नाही.

नोंद करणे

डबा सापडला की वहीत आपले टोपणनाव आणि तारीख लिहावी. वहीत नाव नसेल तर शोध धरला जात नाही आणि डब्याचा मालक संकेतस्थळावरची तुमची नोंद काढून टाकू शकतो. डबा नेमका जिथे आणि जसा होता तिथेच, झाकण पक्के लावून, ठेवावा. त्याहून चांगली जागा सुचली तरी तिथे ठेवू नये.

संकेतस्थळावरची नोंद हे मालकाला मिळणारे एकमेव वेतन आहे. ‘टीएफटीसी’, म्हणजे डब्याबद्दल धन्यवाद, एवढी चार अक्षरे टाकून मोकळे होणारे पुष्कळ असतात. मालकाने जागा शोधली, परवानगी काढली, पाऊस बघून वही बदलली. त्याला दोन-तीन वाक्ये लिहायला काही बिघडत नाही. वाट कशी होती, काय दिसले, डब्याची स्थिती काय आहे हे लिहावे. मात्र लपवण्याची जागा किंवा युक्ती उघड होईल असे काहीही, फोटोसुद्धा, टाकू नये.

सापडला नाही तर ‘डीएनएफ’, म्हणजे सापडला नाही, अशी नोंद अवश्य करावी. नवखे लोक संकोचाने ती टाळतात आणि त्यामुळे नुकसान होते. एकामागून एक तीन डीएनएफ दिसले की मालक तपासायला जातो. त्या तिघांनी गप्प बसायचे ठरवले तर नाहीसा झालेला डबा महिनोन्‌महिने नकाशावर हिरवा दिसत राहतो आणि लांबून येणारे लोक तिथे वेळ घालवतात. अनेक शोध नावावर असलेल्यांच्याही खात्यात डीएनएफची लांब रांग असते. वही भिजली, झाकण फुटले, डबा मोडला असे आढळले तर मालकाचे लक्ष वेधणारी वेगळी नोंद असते, ती वापरावी. डबा कायमचा गेलेला, जागेला त्रास होत असलेला किंवा परवानगी नसल्याचे दिसले आणि मालक उत्तरच देत नसला, तर प्रकरण संकेतस्थळाच्या स्वयंसेवी परीक्षकाकडे नेण्याचीही सोय आहे.

एका सवयीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. डबा सापडत नाही तेव्हा काही जण खिशातली नवी डबी तिथे ठेवतात, तिच्यातल्या कोऱ्या कागदावर सही करतात आणि ‘सापडला’ अशी नोंद करतात. मालकाला मदत केली, अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात मूळ डबा बहुतेक वेळा तिथेच, त्यांना न दिसता, असतो. आता एकाच जागी दोन डबे होतात, पुढच्याला कोणता खरा हे कळत नाही आणि मालकाच्या देखभालीच्या नोंदी निरर्थक होतात. मालकाला विचारून, त्याने होकार दिल्यावर वही बदलणे ही मदत. न विचारता डबा ठेवणे ही स्वतःच्या संख्येत भर.

देवघेव आणि फिरत्या वस्तू

मोठ्या डब्यांत छोट्या वस्तू असतात. एखादी घेतली तर तिच्या तोडीची किंवा त्याहून बरी वस्तू ठेवावी. काहीच न घेता केवळ सही करून येणेही उत्तम. खाद्यपदार्थ, सुगंधी वस्तू, औषधे, दारू, आगपेटी, चाकू आणि मुलांच्या हाती जाऊ नये असे काहीही ठेवू नये. वास आला की प्राणी प्लॅस्टिकचा डबा चावून फोडतात.

सांकेतिक क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला किंवा नाणे सापडले तर ती ‘ट्रॅव्हल बग’ किंवा ‘जिओकॉइन’ असते. ती भेटवस्तू नव्हे. तिच्या मालकाने तिला एका डब्यातून दुसऱ्या डब्यात प्रवासाला पाठवलेले असते. पुढे नेता येणार असेल तरच घ्यावी, क्रमांक संकेतस्थळावर नोंदवावा आणि दोन-तीन आठवड्यांत दुसऱ्या डब्यात ठेवावी. तो क्रमांक फोटोत दिसू देऊ नये, कारण क्रमांक माहीत असला की वस्तू न पाहताच खोटी नोंद करता येते.

माणसे

या छंदात दीर्घकाळ टिकणारे लोक डब्यांइतकेच माणसांसाठी टिकतात. स्थानिक मेळावे लहान असतात, कधी कधी आठ-दहा जणांचे. ५०० हून अधिक लोक आले की तो ‘मेगा’ आणि ५,००० च्या पुढे गेला की ‘गिगा’ मेळावा ठरतो. नवख्याने एका छोट्या मेळाव्याला जरूर जावे. तिथे एका तासात जे डब्यांचे प्रकार हाताळायला मिळतात ते एकट्याने फिरून वर्षभरात मिळत नाहीत. ‘सीआयटीओ’ या नावाने परिसरातील कचरा गोळा करण्याचे उपक्रम २००२ पासून चालतात. एरवीही शोधाला जाताना एक पिशवी बरोबर ठेवण्याची पद्धत आहे.

नवीन डबा प्रसिद्ध झाल्यावर तो पहिल्यांदा शोधण्याचा मान, म्हणजे ‘एफटीएफ’, अनेकांना फार प्रिय असतो आणि त्यासाठी लोक रात्री-अपरात्री धावतात. अधिकृत नियमांत याला काही स्थान नाही, त्यामुळे त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. दोघे एकाच वेळी पोहोचले तर दोघांनी एकत्र सही करावी. मिस्टरीची उत्तरे वाटणे, अंतिम जागांच्या याद्या फिरवणे हे मात्र मालकाच्या कष्टावर पाणी ओतणे आहे. अडलेल्याला एक पाऊल पुढे नेणारा इशारा द्यावा, उत्तर देऊ नये.

काहींचा सगळा भर आकड्यांवर असतो. नेवाडातील ई.टी. महामार्गासारख्या ठिकाणी ठरावीक अंतरावर शेकडो एकसारख्या डब्या ओळीने लावलेल्या आहेत आणि लोक दिवसभर गाडी थांबवत, सही करत पुढे जातात. ज्याला त्यात आनंद आहे त्याने तो घ्यावा. पण स्वतःचा पहिला डबा ठेवताना तो नमुना डोळ्यांसमोर ठेवू नये.

डबा ठेवण्यापूर्वी: जागा आणि परवानगी

निदान २० डबे शोधल्याशिवाय स्वतःचा ठेवू नये, असा अधिकृत सल्ला आहे. माझ्या मते संख्येपेक्षा काळ महत्त्वाचा आहे. पावसाळा आणि कडक ऊन या दोन्हींनंतर एकच डबा कसा दिसतो, हे पाहिल्याशिवाय कोणता डबा टिकतो ते समजत नाही.

पहिला प्रश्न असा विचारावा: डबा नसता तरी मी एखाद्या मित्राला ही जागा दाखवायला आणले असते का? उत्तर नाही असेल तर जागा बदलावी. वाहनतळाच्या कोपऱ्यातल्या खांबामागे डबी लावणे सोपे असते, पण तिथे येणाऱ्याला दाखवण्यासारखे काही नसते. दुसरा प्रश्न: आठवड्याला दहा माणसे इथे आली तर जागेचे काय होईल? चुकीच्या जागी ठेवलेल्या डब्याभोवती पहिल्या महिन्यातच गवत तुडवले जाते, दुसऱ्या महिन्यात पायवाट पडते, आणि पक्ष्यांची घरटी किंवा नाजूक वनस्पती असतील तर ती हानी भरून निघत नाही. डबा रुळलेल्या वाटेपासून दोन-तीन पावलांवर ठेवला तर ही अडचण बहुतांशी सुटते.

परवानगी जागेच्या मालकाची किंवा व्यवस्थापनाची हवी. ‘कोणी हरकत घेणार नाही’ ही परवानगी नव्हे. विनंती करताना डबा दाखवावा, दिवसाला साधारण किती लोक येतील ते सांगावे, आणि हवे तेव्हा तो लगेच काढला जाईल याची हमी द्यावी. होकार देणाऱ्याचे नाव व पद डब्याच्या परीक्षकाला दिसणाऱ्या टिपणात लिहावे. शाळा, रेल्वेमार्ग, लष्करी ठाणी, विमानतळ, पुलांचे आधार, दफनभूमी आणि पुरातत्त्वीय अवशेष यांच्याजवळ एकतर मनाई असते किंवा संशयाला जागा असते. डबा ठेवण्यासाठी खणू नये, झाडात खिळा किंवा स्क्रू मारू नये, भिंतीला छिद्र पाडू नये. जाहिरात करण्यासाठी किंवा एखाद्या मताचा प्रचार करण्यासाठी ठेवलेला डबाही नाकारला जातो.

दोन वेगवेगळ्या डब्यांच्या प्रत्यक्ष वस्तूंमध्ये किमान १६१ मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग, अंतर लागते. नकाशावर मोकळी दिसणारी जागाही कधी कधी अडलेली असते, कारण मल्टी आणि मिस्टरीचे अंतिम टप्पे नकाशावर दिसत नाहीत. म्हणून डबा तयार करण्याआधी परीक्षकाला जागेचे अक्षांश-रेखांश कळवून ती मोकळी आहे का, हे विचारून घ्यावे.

आणखी एक अट, जी लोक विसरतात: जागा तुमच्या नेहमीच्या येण्या-जाण्याच्या टप्प्यात हवी. सुटीत पाहिलेल्या सुंदर ठिकाणी डबा ठेवून परत यायचे आणि दोन हजार किलोमीटरवरून त्याची काळजी घ्यायची, हे जमत नाही, आणि परीक्षक ते मान्यही करत नाहीत.

डबा आणि वही

बिघडलेल्या डब्यांपैकी बहुतेकांचा शत्रू पाणी असतो. जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाची डबी याचे उत्तम उदाहरण आहे. ती सहज मिळते, हातात मावते, झाकण टचकन बसते, त्यामुळे नवख्याला ती आदर्श वाटते. दिवसा आतली हवा तापून झाकणाच्या कडेने बाहेर जाते, रात्री गार होताना बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि आतल्या भिंतींवर थेंब जमतात. काही आठवड्यांनी उघडली की कागदाची गुंडाळी लगद्यासारखी चिकटलेली असते, चिमट्याने ओढली की तुकडे होऊन येते आणि सही करायला कोरडी जागा उरत नाही. उघड्यावर ही डबी वापरू नये.

चारही बाजूंनी कड्या आणि रबरी पट्टी असलेला खाद्यपदार्थांचा डबा चांगला टिकतो. लष्करी दारूगोळ्याची रिकामी लोखंडी पेटी त्याहून टिकाऊ, पण तिच्यावरच्या लष्करी खुणा रंगवून झाकल्या पाहिजेत. अगदी लहान आकारासाठी रबरी कडे असलेली धातूची नळी घ्यावी. कडक उन्हात साधे प्लॅस्टिक ठिसूळ होते, तेव्हा डबा सावलीतच ठेवावा. शहरात शक्यतो पारदर्शक डबा वापरावा आणि प्रत्येक डब्यावर ‘जिओकॅश’ असे ठळक लिहून, डब्याचा क्रमांक आणि हा निरुपद्रवी खेळ आहे, कृपया हलवू नये, अशी ओळ चिकटवावी. वेदर्बीसारखा प्रसंग याने टळतोच असे नाही, पण डबा सापडलेल्या माणसाला निदान विचार करायला क्षणभर मिळतो. पाईपसारख्या दिसणाऱ्या नळ्या, तारा आणि काळी चिकटपट्टी हे मिश्रण कटाक्षाने टाळावे.

वही पाणीरोधक कागदाची असली तर उत्तम, नसली तर झिप असलेल्या पिशवीत घालावी आणि एक जास्तीची पिशवी डब्यात ठेवावी, कारण सर्वांत आधी फाटते ती पिशवीच. डबा ठेवण्यापूर्वी घरी बादलीत बुडवून एक रात्र ठेवावा. सकाळी आत टिपकागद कोरडा निघाला तरच तो बाहेर न्यावा.

अक्षांश-रेखांश घेणे

इथे घाई केली तर बाकी सगळे फुकट जाते. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटे ही पद्धत वापरतात; उल्मरच्या बादलीचे अक्षांश तिच्यात उत्तर ४५° १७.४६०′ असे लिहितात. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेत सुमारे १.८५ मीटर, म्हणून तिसरा दशांश गाळू नये. मोबाइलचे नकाशे मात्र बऱ्याचदा दशांश अंश दाखवतात. वरचाच आकडा त्या पद्धतीत ४५.२९१० असा होतो. जर कोणी मिनिटांचे आकडे तसेच उचलून ४५.१७४६ असे लिहिले तर जागा जवळजवळ १३ किलोमीटर दक्षिणेला सरकते. पद्धत बदलताना मिनिटांना ६० ने भागायचे, हे पक्के लक्षात ठेवावे.

डब्याच्या जागी उपकरण स्थिर ठेवून दोन-तीन मिनिटे थांबावे आणि मगच आकडा टिपावा. थोडे दूर जाऊन वेगळ्या दिशेने परत यावे व पुन्हा टिपावा. असे निदान पाच-सहा आकडे घ्यावेत, शक्यतो दोन वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या वेळी, कारण आकाशातील उपग्रहांची मांडणी सतत बदलत असते. बाकीच्यांपासून फार दूर असलेला आकडा वगळून उरलेल्यांची सरासरी काढावी. नंतर ५० मीटर मागे जाऊन, आलेला आकडा उपकरणात भरून, नवख्यासारखे चालत यावे. बाण डब्यापासून चार-पाच मीटरांत आणत असेल तर काम झाले. केवळ उपग्रहाच्या छायाचित्रावर बोट ठेवून घेतलेली जागा चालत नाही. छायाचित्रेच कधी कधी काही मीटर सरकलेली असतात.

पान लिहिणे आणि मंजुरी

वर्णन लहान असावे, पण तीन गोष्टी त्यात हव्यातच: इथे का यावे, कसे यावे, कशापासून सांभाळावे. इशारा असा लिहावा की जागेवर उभे राहिल्यावर त्याचा उपयोग होईल. ‘नीट पाहा’ हा इशारा नव्हे. ‘गुडघ्याच्या उंचीवर, मुळांच्या मागे’ हा इशारा आहे. श्रेणी ठरवताना स्वतःला वाटते त्यापेक्षा परक्याला काय वाटेल, याचा अंदाज घ्यावा. आपण लपवलेली वस्तू आपल्याला नेहमीच सोपी वाटते.

पान पाठवल्यावर ते एका स्वयंसेवी परीक्षकाकडे जाते. हे लोक पगारी नसतात आणि जागेवर येऊन पाहत नाहीत. अंतरे, परवानगी आणि नियम तपासून प्रश्न विचारतात. त्यांच्या प्रश्नाला चिडून उत्तर देणारे बरेच असतात, आणि त्यात त्यांचाच वेळ जातो. मागितलेली माहिती नेमकी द्यावी. पान पाठवण्याआधीच डबा जागेवर असला पाहिजे, कारण मंजुरी मिळताच पहिला शोधक निघालेला असतो.

देखभाल आणि निरोप

प्रसिद्ध झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात एकदा जाऊन यावे. लोक डबा परत कसा ठेवतात, पायवाट पडते आहे का, हे तेव्हाच कळते आणि जागा थोडी बदलणे तेव्हाच सोपे असते. पुढे वर्षातून दोन-तीन फेऱ्या, आणि पावसाळ्यानंतर एक नक्की. लागोपाठ डीएनएफ आले किंवा वही भिजल्याची नोंद आली तर पान तात्पुरते बंद करावे, म्हणजे कोणी उगाच फेरी मारणार नाही, आणि साधारण चार आठवड्यांत दुरुस्ती करून पुन्हा सुरू करावे. दीर्घकाळ उत्तर न दिल्यास परीक्षक पान कायमचे बंद करतो.

शोधणाऱ्यांच्या नोंदी वाचाव्यात. वाट अवघड वाटल्याचे तिघांनी लिहिले असेल तर श्रेणी वाढवावी. एखाद्याने बाण दहा मीटर चुकत असल्याचे सांगितले तर पुन्हा मोजावे. खोट्या नोंदी वहीशी ताडून काढण्याचा मालकाला अधिकार आहे, पण सही केलेल्याकडून फोटो काढण्याची किंवा आणखी काही करण्याची सक्ती त्याला करता येत नाही.

११ मे २००० पासून कॅन्ससमध्ये असलेला ‘मिंगो’ हा डबा अजून चालू आहे आणि लोक त्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करतात, पण सगळ्यांच डब्यांनी इतके जगावे अशी अपेक्षा नाही. जागेचे व्यवस्थापन बदलते, आपले घर बदलते, उत्साहही ओसरतो. दुसरा कोणी विश्वासू जिओकॅशर तयार असेल तर मालकी त्याच्याकडे सोपवता येते. तसे नसेल तर आधी जागेवर जाऊन डबा, झाकण, पिशव्या, दोरी असे सर्व काही उचलावे, आत कोणाची ट्रॅव्हल बग असेल तर ती पुढच्या डब्यात पोहोचवावी, परवानगी देणाऱ्याला कळवावे आणि मगच पानावरचे ‘कायमचे बंद’ हे बटण दाबावे.